पहिले तू खा

११ नोव्हेंबर

आज धाकट्या धनूने नत्थूचं डोकं फोडलं.

नत्थू आमच्याच गावचा. विजेची नवी मीटरं बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला लागलाय. सकाळी शिडी घेऊन आला, मीटर बसवलं, आईने त्याला चहासुद्धा दिला. तेवढ्यात धनू गोठ्यातून आला. मीटरमधला लाल दिवा लुकलुकताना त्याला दिसला आणि त्याने सरळ पहार उचलली. दोन घावांत मीटर जमिनीवर. नत्थू "अबे धन्या, सरकारी हाय थे!" म्हणत मध्ये पडला, तर बैल हाकायच्या तुतारीने त्याच्या कपाळावर सपकन. रक्त भुवईवरून ओघळून चहाच्या कपात पडलं.

"थो डोळा हाय त्याईचा," धनू मला म्हणाला. आवाज अगदी शांत. "आता घरात बसून पाह्यतीन मले. तुले समजत नाई काय, ताई?"

मला काय समजणार? मी नत्थूच्या डोक्याला माझी ओढणी बांधली आणि समुद्रपूरला नेऊन टाके घालून आणले. त्याची माय आणि आमची आई जन्मभर एका ओळीत कापूस वेचत आल्या, म्हणून तो शिडीवरून पडलो असं सांगायला तयार झाला. पोलिसात जाऊ दिलं नाही. एवढं तरी मी निभावलं.

गेल्या वर्षी कृषी केंद्रवाल्याने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. बोलायला माणूस नसला की माणूस कागदाशी बोलतो, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

आज शांत. मेथीच्या जुड्या बांधल्या, धनूने पाणी दिलं.

हे सगळं पावसाळ्यापासून सुरू झालं. रानडुकरांपायी तो वावरात जागलीला जायचा, रात्ररात्र उंच बांधलेल्या माळ्यावर बसायचा. मग दिवसाही झोपेना. त्यातच गावठाण मोजायला ड्रोन आला. सारं गाव पोरांसारखं वर बघत टाळ्या वाजवत होतं आणि हा गोठ्यात कडब्याखाली लपला होता. मी हसले होते.

पण त्याचं भय कुठून आलं ते मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना मोटरपंपाच्या चोरीत त्याला पोलिसांनी उचलून नेलं होतं. तळपायांवर मारलं. पंप नंतर दुसऱ्याच गावी सापडला, "चुकलं" असं कोणी म्हटलं नाही. तेव्हा बाबांनीही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. फक्त आईने विचारलं, "माह्यी आन घेऊन सांग." त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आणि आई ठाण्यात जाऊन भांडली, "पोरानं माह्यी आन घेतली, थो चोर नाई." सगळे हसले म्हणे. बाबा गेले, पण आमच्या घरात कायदा अजून तोच. आईची आन घेतली की विषय संपला.

लोक म्हणतात दवाखान्यात न्या. दवाखान्यात झटके देतात आणि पोलीस हाडं मोडतात. घरचं माणूस घरातच बरं. या बाबतीत तरी माझं डोकं ठिकाणावर आहे.

१८ नोव्हेंबर

चांद्याचं पोट फुगलं. बैल आडवा पडला आणि डोळे पांढरे करायला लागला. धनूने गोडंतेलात ओवा टाकून कोमट केलं, औषध पाजायची बांबूची नळी आणली.

बाबांच्या वेळी तिघं चौघं बैलाला दाबून धरायचे, नाक आवळायचे आणि नळी घशात घालायचे. थोरला कैलासभाऊ गावी आला की अजून तसंच करतो. धनूने तसं काही केलं नाही. आधी नळी चांद्याच्या नाकाशी धरली, हुंगू दिली. मग तळहातावर थोडं तेल घेऊन चाटू दिलं. चांद्याने आपणहून मान वर केली.

"असं लाडात आणून कायले वेळ घालवतं?" मी ओरडले. "मरंल ना थो!"

"चोरून देलं तं एक डाव घेईन," धनू म्हणाला. "दुसऱ्या डावाले तोंडच उघडत नाई. आधी दाखवा लागते, ताई."

संध्याकाळी चांद्या उठून उभा राहिला. बैलाशी इतक्या समजुतीने वागणारा माणूस माणसांशी असा का वागतो, देव जाणे.

२३ नोव्हेंबर

कैलासभाऊ आला. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहतो, एका कॉलेजात बाबू आहे. आमच्यात थोरला. दुरून डोंगर साजरे, तसा तो दुरून सल्ले देतो. आज मात्र कामाचं आणलं. गोळ्या.

वर्ध्याच्या डॉक्टरला त्याने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाला पेशंटला आणा, बघितल्याशिवाय देणार नाही. मग भाऊच्या साहेबाच्या मेहुण्याला हाच त्रास आहे, त्याच्या गोळ्यांचं पाकीट याने मागून आणलं.

"बिमारी एकच, मंग गोळी एकच," भाऊ म्हणाला. "दवाखान्यात नेलं का कागद होते. कागद झाला का त्याच्या लग्नाचं कायम मिटलं. जेवणात कालवून दे. त्याले समजू देऊ नको."

मला पटलं. उगाच कशाला कागद करायचा?

२४ नोव्हेंबर

खलबत्त्यात कुटून ठेच्यात घातली. मिरचीपुढे दुसरी चव काय टिकणार! धनूने दोन भाकरी खाल्ल्या आणि बाजेवर आडवा झाला. किती दिवसांनी त्याला घोरताना ऐकलं. आई दाराआड उभी राहून रडली. मी तिला म्हटलं, रडतेस काय, पोरगी हुशार निघाली म्हणून हस.

३० नोव्हेंबर

गोळी लागू पडली. धनू जागलीला जात नाही. बाजारासाठी वांगी त्यानेच तोडली, फुलकोबीची पोती बांधली. चालताना पाय ओढतो, हात थोडा थरथरतो, पण ते अशक्तपणामुळे असणार. समुद्रपूरच्या बाजारात मी आज गिऱ्हाइकांशी विनाकारण हसून बोलले.

४ डिसेंबर

जेवताना धनू थांबला.

"ताई, ठेचा कडू लागून राह्यला."

"मिरचीच कडू असंल."

"मिरची तिखट राह्यते. कडू नाई राह्यत." त्याने ताट सरकवलं. "जेवणात काई टाकून राह्यले माह्या. त्याईनं तुलेबी फोडलं काय?"

माझा संताप झाला. खरंच झाला. उन्हातान्हात राबायचं, याची धुणी धुवायची, याच्यापायी नवऱ्याघरी परत जायचा विचारसुद्धा सोडून द्यायचा आणि वर हे ऐकायचं! मी म्हटलं, "कोण टाकंल रे? कोणाले पडली तुह्यी? आईची आन, काही नाई त्याच्यात."

त्याने ताट परत ओढलं आणि सगळं संपवलं. आन घेतली की तो ऐकतोच. आई चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

अशा आनेला काही अर्थ नसतो. पोराच्या भल्यासाठी घेतलेली आन देवही मोजत नाही.

८ डिसेंबर

सकाळपासून धनूची मान वाकडी झाली आहे. डाव्या खांद्याकडे ओढली गेली आहे, जबडा आवळलेला, जीभ बाहेर येते. "ओढून राह्यले... मले ओढून राह्यले..." एवढंच बोलता येत होतं. त्याने स्वतःची मान सरळ करायला गोठ्याच्या खांबावर डोकं आपटलं. परत परत. आई आणि मी दोघी लोंबकळलो तरी आवरेना. कान फाटला.

आईने तेल चोळलं. दुपारनंतर मान सैल झाली. वेडेवाकडे झोपल्याने लचक भरली असेल. नाहीतर आजार वाढत चालला आहे. भाऊला फोन केला, तो म्हणाला, मग गोळी वाढव.

रात्री भांडी घासताना कळलं की आईसुद्धा रोज सकाळी चहात एक टाकते. भाऊने तिला वेगळं पाकीट देऊन ठेवलं आहे, मी विसरेन म्हणून. मला राग आला, पण तो भाऊचा. माझ्यावर भरवसा नाही याला!

१२ डिसेंबर

आईचा नवस होता म्हणून गिरडच्या दर्ग्याला गेलो. बसमध्ये धनू खिडकीला चिकटून बसला होता. टेकडी मात्र माझ्याआधी चढला. वर वारा होता. आईने चादर चढवली. धनू कितीतरी वेळ भिंतीला पाठ टेकून बसला होता. चेहरा मोकळा, पहिल्यासारखा.

खाली येऊन टपरीवर रस्सा घातलेले पोहे घेतले. चार दिवस धड न जेवलेल्या माणसाने तीन प्लेटा खाल्ल्या, रस्सा बोटाने चाटला.

"घरी असं काऊन नाई खात?" मी विचारलं.

"हे तुह्या हातचं नाई," तो म्हणाला. साधेपणाने, जसं कोणी म्हणतं आज ऊन आहे.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. अकरा वर्षांची होते तेव्हापासून या पोराला भरवलंय मी.

१५ डिसेंबर

डावा हात मोडला. उजवा शाबूत आहे म्हणून लिहिता येतंय.

धनू आज अंगणात जेवायला बसला. पहिली भाकर त्याने ठेचा लावून काळूपुढे टाकली, दुसरीही. मी आतून पाहत होते. मला वाटलं कुत्र्यावर दया आली असेल. काळूने खाऊन शेपूट हलवली. धनू ताटाला हात न लावता तसाच उन्हात बसून राहिला, कुत्र्याकडे बघत. मग काळूचे मागचे पाय फाकले. उठायला गेला आणि तोंडावर पडला. लाळ गळायला लागली. भर दुपारी आमचा राखणदार कुत्रा चिंधीसारखा पडून राहिला.

धनू आत आला. हातात विळा होता.

"काय हाय त्याच्यात?"

"उंदराचं काई खाल्लं असंल त्यानं कोणाच्या घरी..."

"काय हाय ताई?"

"काई नाई! आईची आन, काई..."

पुरं बोलू दिलं नाही. केस धरून मला उंबऱ्यावरून ओढलं. मी हात आडवा केला, तो दाराच्या चौकटीत अडकला आणि त्याने दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मग तो माझ्या छातीवर बसला आणि विळ्याचं टोक गालाखाली टेकवलं. "किती देऊन राह्यले तुले? कोणाच्या हुकमानं?" आईने मागून त्याच्या पाठीत फुंकणी घातली. दोनदा, तीनदा. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं आणि विळा टाकून दिला. लहान मुलासारखा रडायला लागला. "आई, हिले त्याईनं फोडलं."

हात बांधायला हिंगणघाटला गेले. डॉक्टरला सांगितलं, गायीने ढकललं. काळू संध्याकाळी उठला.

१७ डिसेंबर

हे लिहावंसं वाटत नाही.

भाऊ गाडी करून आला, सोबत तिघंजण. म्हणाला, आता अति झालं, एकदा दाबून डोस दिला की वठणीवर येईल. धनू वावरात होता. चौघांनी त्याला वांग्याच्या ओळीत पाडलं. त्याने एकाच्या मांडीचा लचका तोडला, दुसऱ्याच्या डोळ्यात माती भरली. मग त्यांनी काठ्या चालवल्या. मी "तोंडावर मारू नका" एवढंच ओरडत होते. वांग्याच्या दोन ओळी भुईसपाट झाल्या.

बैलाच्या कासऱ्याने त्याला बाजेला बांधलं. गोळ्या पाण्यात कालवल्या. त्याने दात आवळले. भाऊने गोठ्यातून चांद्याची नळी आणली.

"माधवी, नाक दाब."

मी दाबलं. एका हाताने दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तशी भाऊने नळी सारली. दाताचा तुकडा उडाला. तो ठसकत होता, पांढरं पाणी आणि रक्त नाकातून येत होतं. डोळे माझ्यावर होते. मी डोळे मिटून घेतले, पण नाक सोडलं नाही. आई परसात तोंडावर पदर दाबून बसली होती.

भाऊ जाताना म्हणाला, "घरात मिटलं ना? चार लोकांत शोभा झाली असती." चार लोक तर तेच होते, तिघं त्याने आणलेले आणि चौथा तो स्वतः. पण खरं आहे, पोलिसांनी यापेक्षा वाईट केलं असतं.

२० डिसेंबर

धनूला सोडलं आहे. बोलत नाही. वावरातच राहतो. कच्ची वांगी, टमाटे, हिरवा हरभरा, जे झाडावरून स्वतः तोडता येईल ते खातो. विहिरीचं पाणी स्वतः काढून पितो. मी भाकर नेऊन ठेवली तर ती मातीत गाडून टाकली. आई म्हणते, "पोरगं मरून जाईन अशानं." रोज बांधापर्यंत जाते आणि परत येते.

नळी मी चुलीत घातली. बांबू ओला होता, नीट जळला नाही.

२३ डिसेंबर

आई पडली.

सकाळी आई म्हणाली, आज मी वाढते, माझ्या हातचं तो नाही म्हणणार नाही. धनूच्या आवडीचं भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी. भरतात मी गोळ्या घातल्या, भाऊने सांगितल्या तेवढ्या. आईने काय केलं ते मला माहीत नव्हतं. तिने आपल्या पाकिटातल्या वरून घातल्या होत्या.

तिने हाक मारली. धनू खरंच आला. गालफडं बसलेली, ओठ सुजलेला. ओट्यावर ताटापुढे बसला, वास घेतला. मग ताट उचलून त्याने आईपुढे ठेवलं.

"पहिले तू खा."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती ताट सांडेल, काही कारण काढेल. बाई हसली. "खातो ना बापा. माह्या पोरीनं माह्यी आन घेतली, थे काय खोटी राह्यते?" आणि खायला लागली. मी "आई!" म्हटलं, तिने डोळ्यांनी दटावलं. घास, मग दुसरा घास. अर्ध्याहून जास्त भरीत तिने बोटं चाटत संपवलं. धनूच्या चेहऱ्यावरची एकेक गाठ सुटताना मला दिसत होती. त्याने हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला.

मी ताटाला लाथ मारली. का मारली सांगता येत नाही. ताट गडगडत अंगणात गेलं.

धनू आईसमोरून हलला नाही, बराच वेळ तिच्याकडेच बघत बसला. आई पाणी आणायला म्हणून उठली, झोक गेला, ओट्यावरून खालच्या दगडावर कमरेवर आपटली. ओरडलीसुद्धा नाही, डोळे अर्धवट मिटत चालले होते. धनू तिला उचलायला धावला. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या तोंडाचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. "मारलं ना तू आईले?" असं म्हणाला. त्याने दगड उचलला होता. माझ्या डोक्यावर धरला आणि फेकला भिंतीवर. मग अंगणातलं उरलेलं भरीत बोटांनी गोळा केलं, ताटात घेतलं, ताट दुपट्ट्यात बांधलं आणि पळत सुटला.

अँब्युलन्स आली. आईचं कमरेचं हाड मोडलं आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टरने विचारलं, यांनी काय घेतलं होतं? मी सांगितलं नाही.

२४ डिसेंबर

सकाळी दवाखान्यात फोन आला. "तुमचा भाऊ ठाण्यात हाय. तक्रार घेऊन आला."

धनू आणि ठाण्यात! खाकी रंगाची गोणी दिसली तरी वाट बदलणारा माणूस स्वतःच्या पायाने तिथे गेला होता.

कैलासभाऊने मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. "काई विचारलं तं नाई म्हणजो. हो म्हणलं का आपल्यावर केस. थो पागल हाय, त्याचं कोण ऐकते? तू नाई म्हणली का दोन दिवसांत त्याले नेऊन टाकतीन कुठंतरी, सुटलो सगळे."

ठाण्यात धनू दाराच्या चौकटीत उभा होता. आत यायला तयार नाही, जायलाही तयार नाही. पुढच्या टेबलावर आमचं ताट, दुपट्टा सोडलेला, भरतावर मुंग्या. एक शिपाई हसत होता. कांता नावाच्या हवालदारबाई होत्या, त्यांनी त्या हसणाऱ्या शिपायाला बाहेर पाठवलं.

"तुमचा भाऊ म्हणते का घरचे जेवणातून विष देतात. मीटर, ड्रोन, बाकीचंही बरंच सांगून राह्यला. मले एवढंच सांगा, जेवणात काई टाकत होते काय?"

किती सोपं होतं. एक शब्द. मीटरचा डोळा खोटा, ड्रोन खोटा, मग भरीतही खोटं. मी नाही म्हणाले असते तर जगात त्याचं खरं मानणारं एकही माणूस उरलं नसतं, आणि मी सुटले असते.

धनू माझ्याकडे बघत होता. चिडलेला नव्हता. पंपाच्या वेळी आईने विचारलं तेव्हा जसा उभा होता, तसा.

"हो," मी म्हणाले. "मी टाकत होते. गोळ्या. एक महिन्यापासून. आईही टाकत होती. तो म्हणत होता ते खरं होतं."

तो खाली बसला. "म्या म्हणलं होतं. म्या म्हणलंच होतं." मला वाटलं रडेल. तेवढ्यात उसळला आणि माझा गळा धरला. अंगठे आत रुतले, डोळ्यांपुढे काळं आलं. धावत आलेल्या दोन शिपायांनी ओढलं तरी सुटेना. कांताबाईंनी काठी उगारली.

काठी दिसली आणि त्याचे हात आपोआप सुटले. तो जमिनीवर गोळा झाला, तळपाय पोटाशी घेऊन. "मारू नका साहेब. म्या पंप नाई चोरला. आईची आन, म्या नाई चोरला."

सगळे थांबले. कांताबाईंनी काठी टेबलाखाली टाकली, दोन्ही हात मोकळे करून त्याला दाखवले आणि जमिनीवर त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसल्या. "तुह्यी तक्रार लिहून घेतली," त्या म्हणाल्या. "बहिणीनं कबूल केलं. आता तुह्या पोटात काय गेलं थे डॉक्टरले पाहू दे. मी संग येतो."

तो गेला. त्यांच्यासोबत. मागे वळून पाहिलं नाही.

२ जानेवारी

कैलासभाऊ बोलत नाही. चौकशीला त्यालाही बोलावलं आहे. मलाही जावं लागतं.

आई शुद्धीत आहे, पण उठेल असं वाटत नाही. तिने पहिलं विचारलं, "धनू जेवला काय?"

धनू त्याच दवाखान्यात, मनाच्या आजाराच्या वॉर्डात आहे. मी काचेतून पाहते. आज डॉक्टरीणबाईंनी गोळी तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरली. नाव सांगितलं, कशासाठी ते सांगितलं. त्याने पाकीट मागितलं, उलटंपालटं करून वाचलं, गोळीचा वास घेतला. बराच वेळ लावला. बाई कंटाळल्या नाहीत. मग स्वतःच उचलून तोंडात टाकली.

मला चांद्या आठवला. काचेवरून बाजूला झाले आणि बाकावर बसून रडले.

१९ जानेवारी

धनूला काल घरी आणलं. आईची बाज पुढच्या खोलीत आहे. तो तिच्याजवळ बसतो, तिची वेणी घालून देतो. त्याची गोळी तो स्वतः ठेवतो, स्वतः घेतो. मीटर नवीन बसलं आहे, त्याच्यावर त्याने गोणपाट टाकलं. मी काढलं नाही.

माझ्याशी बोलला नाही. गोठ्यात तीन दगड मांडून वेगळी चूल केली आहे. स्वतःपुरती खिचडी शिजवतो. चांद्या त्याच्या खांद्याला नाक घासतो. मी गोठ्यात गेले की चांद्या मान फिरवतो, असं मला वाटतं. उगाच वाटत असेल.

२७ जानेवारी

आज भाकरी थापत होते. डावा हात अजून नीट वळत नाही, भाकर एका बाजूने जाड होते. धनू गोठ्यातून येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

मी त्याच्यासमोर खलबत्ता धुतला, त्याच्यासमोर मिरच्या टाकल्या, मीठ, लसूण. कुटलं. ताटात भाकर वाढली, ठेचा वाढला आणि ताट आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं. जुन्या सवयीने तोंडातून निघालं, "धनू, काई नाई याच्यात. आईची..."

त्याने पटकन येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. जोरात. मागचं डोकं भिंतीला आपटलं.

"आन नको घेऊ," तो म्हणाला. "खाय. पहिले तू खाय."

मी घास मोडला, ठेचा लावला, खाल्ला. तो माझ्या गळ्याकडे बघत होता. घोट खाली उतरेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "अजून एक." मी अजून एक खाल्ला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. बाहेरच्या खोलीतून आई विचारत होती, "माधवी, जेवला काय वं धनू?"

त्याने ताट आपल्याकडे ओढलं आणि मी तोडला होता तिथूनच भाकर मोडली.